दुपारी १:०८ ते १:३१ : ८८३ नोंदींची एक यादी

मंगळवार, ५ एप्रिल २०२२. 'जिरा' आणि 'कॉन्फ्लुएन्स' ही सॉफ्टवेअर बनवणाऱ्या ॲटलॅशियन या ऑस्ट्रेलियन कंपनीच्या ७७५ ग्राहकांच्या ८८३ साइट्स २३ मिनिटांत पुसल्या गेल्या. कोणी हल्ला केला नव्हता, कुठले यंत्र बंद पडले नव्हते. एका स्क्रिप्टला एक यादी दिली गेली आणि स्क्रिप्टने ती पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत बिनचूक वाचली. शेवटच्या ग्राहकाला त्याची साइट परत मिळाली ती १८ एप्रिलला.

पुढे दिलेल्या घड्याळी वेळा भारतीय प्रमाणवेळेनुसार आहेत. पुण्यातल्या हिंजवडीत आणि बीड जिल्ह्यातल्या चकलांब्यात तेव्हा घड्याळात जे वाजले होते, तेच इथे लिहिले आहे.

१९९२. सुमारे ३० वर्षे आधी

टर्मिनलवर कमांड लिहिली की मोकळ्या जागेपाशी तिचे तुकडे पडतात. प्रत्येक तुकडा प्रोग्रामला स्वतंत्र मूल्य म्हणून मिळतो. मग एकाच पर्यायाला दहा मूल्ये द्यायची असतील तर काय करायचे?

युनिक्ससारख्या प्रणालींसाठी या वर्षी मंजूर झालेल्या पॉझिक्स मानकाच्या दुसऱ्या भागात याचे उत्तर आहे. सगळी मूल्ये एकाच तुकड्यात द्यावीत आणि ती वेगळी करायला मध्ये स्वल्पविराम किंवा मोकळी जागा ठेवावी. आतले तुकडे करण्याचे काम प्रोग्रामचे.

कुठे तोडायचे, हे नियमाने सांगितले. तोडून हाती आलेले मूल्य अपेक्षित प्रकारचे आहे का, हे बघण्याचे काम प्रोग्राम लिहिणाऱ्यावर राहिले.

नोव्हेंबर २००१. २० वर्षे ५ महिने आधी

ॲपलने मॅकसाठी आयट्यून्सची २.० ही आवृत्ती आणली. तिच्या इन्स्टॉलरमध्ये जुनी प्रत पुसणारी एक ओळ होती. त्या ओळीत डिस्कच्या नावाभोवती अवतरणचिन्हे नव्हती. डिस्कच्या नावात मोकळी जागा असली की नाव तिथेच तुटायचे आणि पुसण्याची कमांड भलत्याच जागी लागू व्हायची. काही जणांच्या डिस्कवरचे सगळे गेले.

ॲपलने इन्स्टॉलर मागे घेतला आणि २.०.१ आणली.

२०११. सुमारे ११ वर्षे आधी

लिनक्सवर एनव्हिडियाची ग्राफिक्स कार्डे नीट चालावीत म्हणून 'बम्बलबी' नावाचा प्रकल्प सुरू होता. त्याच्या इन्स्टॉल स्क्रिप्टमध्ये एका लांब पत्त्यात 'यूएसआर' या शब्दानंतर एक मोकळी जागा पडली. एका पत्त्याचे दोन झाले. पहिला पत्ता होता अख्खे 'यूएसआर' फोल्डर, म्हणजे प्रणालीतले बहुतेक प्रोग्राम जिथे असतात ते. कमांडने तेही पुसले.

चूक एका अक्षराची होती, आणि ते अक्षर पडद्यावर दिसत नाही.

जानेवारी २०१५. सव्वासात वर्षे आधी

व्हॅल्व्ह कंपनीच्या 'स्टीम' या खेळांच्या सॉफ्टवेअरची लिनक्स आवृत्ती. तिच्या स्क्रिप्टमध्ये फोल्डरचे नाव एका चलात ठेवले होते. एका वापरकर्त्याकडे हे चल रिकामे राहिले. नाव गळून पडले, मागे तिरपी रेघ आणि तारा उरला. त्याचा अर्थ मुळापासून सगळे. स्क्रिप्टने पुसायला सुरुवात केली. जोडलेल्या बाहेरच्या डिस्कवरच्या फाइलीही गेल्या.

पुसण्याच्या ओळीच्या वर स्क्रिप्ट लिहिणाऱ्याने एका इंग्रजी शब्दाची टीप ठेवलेली होती. तिचा अर्थ 'भीतिदायक'. टीप प्रोग्राम वाचत नाही.

२८ फेब्रुवारी २०१७, रात्री ११:०७. ५ वर्षे १ महिना आधी

ॲमेझॉनची एस-थ्री ही साठवण सेवा, उत्तर व्हर्जिनिया विभाग. बिलिंगची प्रणाली संथ चालली होती म्हणून थोडे सर्व्हर काढायचे होते. अधिकार असलेल्या एका कर्मचाऱ्याने ठरलेल्या पद्धतीनुसार कमांड चालवली. कमांडला दिलेल्या मूल्यांपैकी एक चुकले. ठरवले होते त्यापेक्षा कितीतरी जास्त सर्व्हर निघाले.

सेवा पूर्ववत व्हायला पहाटेचे ३:२४ वाजले. ४ तास १७ मिनिटे. यातले पहिले दोन तास ॲमेझॉनला आपल्याच स्थितीदर्शक फलकावर बिघाड नीट दाखवता आला नाही, कारण तो फलकही एस-थ्रीवर अवलंबून होता.

२ मार्चला ॲमेझॉनने कारण जाहीर केले आणि दुरुस्तीही सांगितली. हे साधन आता सर्व्हर हळूहळू काढेल, आणि किमान गरजेच्या खाली जाणारी मागणी आली तर ती नाकारेल. साधनाने मूल्य नुसते वाचायचे नाही, त्याचा परिणामही तपासायचा. पाच वर्षे हा धडा सगळ्यांसमोर होता.

जुलै २०२०. २१ महिने आधी

ॲटलॅशियनने माइंडव्हिल ही स्वीडिश कंपनी विकत घेतली. तिचे 'इनसाइट' नावाचे ॲप कंपन्यांच्या संगणकांची आणि इतर मालमत्तेची नोंद ठेवायचे. पुढे इनसाइटचे काम 'जिरा सर्व्हिस मॅनेजमेंट'मध्येच सामावून घेतले गेले. ग्राहकांच्या साइट्सवर जुने सुटे ॲप मात्र तसेच राहिले. ते काढून टाकायचे ठरले.

काम किरकोळ सफाईचे होते. त्यासाठी नवे काही लिहावे लागणार नव्हते. स्क्रिप्ट आधीपासून होती आणि ती चालवण्याची रीतही बसलेली होती.

५ एप्रिलच्या आधी : स्क्रिप्ट

स्क्रिप्टला दोन गोष्टी द्याव्या लागत. एक म्हणजे पुसण्याचा प्रकार. 'पुसण्यासाठी खूण करा' हा रोजच्या वापरातला प्रकार. त्यात गेलेली गोष्ट परत आणता येते. दुसरा 'कायमचे पुसा'. कायद्यानुसार विदा उरू द्यायचा नसतो तेव्हाचा.

दुसरी गोष्ट म्हणजे आयडींची यादी.

पुसण्याचे काम करणारी आतली सेवा ॲपचा आयडी स्वीकारत असे आणि साइटचाही. ॲपचा आयडी आला तर ॲप जायचे. साइटचा आला तर अख्खी साइट जायची, तिच्यावरच्या सगळ्या उत्पादनांसकट. दिलेला आयडी योग्यच आहे असे ती गृहीत धरत असे. 'ही साइट आहे, पुसायची ना?' असा प्रश्न तिच्यात कुठेच नव्हता.

चकलांब्याच्या सात-बाऱ्यावर गट क्रमांक असतो आणि खाते क्रमांकही असतो. दोन्ही आकडेच. नुसते आकडे लिहिलेला कागद तलाठ्यासमोर ठेवला तर तो आधी विचारतो, 'हे गट नंबर आहेत की खाते नंबर?' कामाला हात घालण्यापूर्वी विचारायचा हा प्रश्न त्या सेवेला कोणी शिकवला नव्हता.

५ एप्रिलच्या आधी : पहिली यादी

प्रत्यक्ष ग्राहकांवर स्क्रिप्ट पहिल्यांदा चालली ती ३० साइट्सवर. इनसाइट ॲप निघाले. बाकी कशालाही धक्का लागला नाही.

या ३० जणांच्या यादीत ॲपचेच आयडी होते. ती यादी गैरसमज होण्याआधी तयार झालेली होती.

३० पैकी ३० बरोबर आल्यामुळे स्क्रिप्टवरचा विश्वास पक्का झाला. सिद्ध मात्र एवढेच झाले होते की बरोबर यादी दिली तर स्क्रिप्ट बरोबर चालते.

५ एप्रिलच्या आधी : दुसरी यादी

ॲप काढण्याची मागणी करणारा चमू वेगळा, स्क्रिप्ट चालवणारा वेगळा. उरलेल्या साइट्ससाठी आयडी मागवले गेले. पाठवणाऱ्या चमूने जी ॲप्स काढायची त्यांचे आयडी द्यायचे होते. त्याऐवजी ती ॲप्स ज्या साइट्सवर होती त्या साइट्सचे आयडी गेले.

यादीत ८८३ नोंदी होत्या. एकही नोंद मोडकी नव्हती. प्रत्येक आयडी खऱ्या, चालू साइटचा होता, म्हणून कुठल्याही नोंदीवर स्क्रिप्ट अडखळणार नव्हती.

५ एप्रिलच्या आधी : तपासणी

रिवाजाप्रमाणे सहकाऱ्यांनी काम तपासले. कोणती सेवा बोलावली जात आहे आणि कशी, यावर त्यांचे लक्ष होते. त्यात चूक नव्हती. यादीतले आयडी ॲपचे आहेत की साइटचे, हे पडताळले गेले नाही.

स्टेजिंगवर, म्हणजे सरावाच्या वातावरणात, चाचणी घेण्याचीही रीत होती. त्या चाचणीतून ही चूक सापडणे शक्य नव्हते. यादीतले आयडी खऱ्या ग्राहकांचे होते आणि सरावाच्या वातावरणात ते अस्तित्वातच नव्हते.

तपासणीचे दोन टप्पे होते. दोन्हींचा रोख स्क्रिप्टवर होता.

५ एप्रिल २०२२, दुपारी १:०८

सिडनीत संध्याकाळचे ५:३८ झाले होते. महाराष्ट्रात गुढीपाडवा होऊन तीन दिवस उलटले होते. पुण्यात हिंजवडी-खराडीत जेवणाची वेळ होती.

स्क्रिप्ट सुरू झाली.

ती यादीच्या क्रमाने जात होती. एक आयडी वाचायचा, सेवेला द्यायचा, पुढचा वाचायचा. स्क्रिप्ट सुरू होताच पहिली साइट गेली. सरासरी धरली तर मिनिटाला ३८ साइट्स, म्हणजे दर दीड सेकंदाला एक.

साइटबरोबर जिरा गेले. त्यात त्या कंपनीतल्या कामांची तिकिटे होती. कॉन्फ्लुएन्स गेले, त्यात कागदपत्रे होती. काहींचे ऑप्सजिनी गेले. बिघाड झाला की ड्यूटीवरच्या माणसाला रात्री फोन करून उठवणारी सेवा ती. काहींचे स्टेटसपेज गेले. आपल्या ग्राहकांना 'सेवा बंद आहे' असे कळवण्याचा फलक तो.

दुपारी १:१६

एका ग्राहकाने मदतीसाठी तिकीट नोंदवले. साइट उघडत नव्हती.

ॲटलॅशियनच्या देखरेख प्रणालीत तोपर्यंत कुठलाही इशारा वाजला नव्हता, पुढेही वाजला नाही. साइट पुसली जाणे हा तिच्या लेखी बिघाड नव्हता. ग्राहक सोडून जातात तेव्हा साइट्स पुसल्या जातातच, आणि या साइट्सही त्याच नेहमीच्या वाटेने जात होत्या.

आठ मिनिटे झाली होती. सरासरीच्या हिशेबाने सुमारे ३०० साइट्स गेल्या होत्या. सुमारे पावणेसहाशे अजून उभ्या होत्या. यादी संपायला १५ मिनिटे बाकी होती.

तिकीट मदत केंद्राच्या रांगेत होते. स्क्रिप्ट दुसऱ्या चमूच्या हाती होती.

दुपारी १:३१

यादी संपली. ८८३ नोंदी वाचल्या गेल्या, ८८३ वर काम झाले. स्क्रिप्ट न थांबता, न अडखळता शेवटपर्यंत गेली. चालवणाऱ्यांच्या दृष्टीने काम फत्ते झाले होते.

दुपारी १:४७

तिकिटे वाढत गेली. मोठ्या घटनेसाठी ठरलेली कार्यपद्धती लागू झाली. यादी संपून १६ मिनिटे झाली होती.

दुपारी १:५४

घटनेचा दर्जा वाढवून 'गंभीर' करण्यात आला.

मदत मागण्याच्या वाटेतही अडथळा होता. तिकीट नोंदवायचा अर्ज ग्राहकाकडे साइटचा पत्ता आणि वैध ओळख मागत असे. साइटबरोबर दोन्ही गेले होते. उलट बाजूने ॲटलॅशियनलाही ग्राहकांना फोन किंवा ईमेल करता येईना. कोणत्या कंपनीत कोणाशी बोलायचे याच्या नोंदी त्या पुसलेल्या साइट्सशीच बांधलेल्या होत्या. पाच वर्षांपूर्वी ॲमेझॉनच्या फलकाचे झाले होते, तेच इथे संपर्काच्या यादीचे झाले.

दुपारी २:२३

ग्राहकांची तिकिटे आणि दुपारची ती स्क्रिप्ट यांचा संबंध आहे, यावर शिक्कामोर्तब झाले. पहिल्या तिकिटापासून ६७ मिनिटे गेली होती.

संध्याकाळी ६:०८

बॅकअप होते. एखाद्या ग्राहकाने चुकून काही पुसले तर ते परत आणून देण्याचा सरावही होता. शेकडो ग्राहकांच्या साइट्स एकाच वेळी, आणि इतर ग्राहकांना हात न लावता, परत उभ्या करण्याचा सराव मात्र नव्हता. बॅकअप अशा विदासाठ्यांचे होते ज्यांत पुसलेले आणि न पुसलेले ग्राहक शेजारी शेजारी होते. सगळा साठा कालच्या स्थितीत नेला असता तर ज्यांच्या साइट्स चालू होत्या त्यांचे आजचे काम बुडाले असते.

हे लक्षात आल्यावर घटनेला कंपनीतला सर्वोच्च दर्जा दिला गेला. स्क्रिप्ट सुरू झाली त्याला पाच तास झाले होते.

८ एप्रिल

पहिल्या काही ग्राहकांच्या साइट्स परत आल्या. पद्धत अशी होती की आधी नवी साइट तयार करायची, मग जुना विदा तिच्यात भरायचा. नव्या साइटला नवा आयडी मिळे. त्यामुळे जुना आयडी जिथे जिथे नोंदलेला होता तिथे तिथे तो बदलावा लागे, बाहेरच्या कंपन्यांच्या ॲप्समध्येसुद्धा. एका गटाला सुमारे ४८ तास लागत.

१२ एप्रिल

मुख्य तंत्रज्ञान अधिकारी श्री विश्वनाथ यांनी जाहीर निवेदन केले. घटनेला आठवडा झाला होता. निवेदनात दोन कारणे दिली होती. पहिले, दोन चमूंमधला गैरसमज. दुसरे, स्क्रिप्ट चुकीच्या प्रकारात आणि चुकीच्या यादीसह चालवली गेली. म्हणजे स्क्रिप्टला द्यायच्या दोन गोष्टींपैकी दोन्ही चुकल्या.

बाधित ग्राहकांचा आकडा तेव्हा सुमारे ४०० असा सांगितला गेला.

१४ एप्रिल

दुसरी पद्धत सुरू झाली. नवी साइट न करता पुसलेल्या साइटचा जुनाच आयडी पुन्हा जिवंत करायचा. निम्म्याहून जास्त पायऱ्या गळल्या. ४८ तासांचे काम सुमारे १२ तासांवर आले. पहिल्या पद्धतीने ११२ साइट्स परत आल्या होत्या. उरलेल्या ७७१ या पद्धतीने आल्या.

१८ एप्रिल

शेवटच्या ग्राहकाची साइट सुरू झाली. काहींसाठी सेवा १४ दिवसांपर्यंत बंद राहिली.

२९ एप्रिल

ॲटलॅशियनने सविस्तर अहवाल प्रसिद्ध केला. ग्राहकांचा अंतिम आकडा ७७५. या लेखातल्या ५ एप्रिलच्या वेळा त्याच अहवालातल्या आहेत.

अहवालात कोणत्याही कर्मचाऱ्याचे नाव नाही, आणि ते योग्यही आहे. चुकीचे आयडी पाठवणारा, ते तपासणारा आणि कमांड चालवणारा, यांच्यापैकी कोणाचीही चूक पकडेल असा टप्पाच ठरलेल्या पद्धतीत नव्हता. कंपनीने साइट्स एकगठ्ठा पुसणे थांबवले. यापुढे कोणत्याही प्रणालीत पुसलेली गोष्ट आधी नुसती खूण होऊन राहील, ठरावीक काळ उलटल्याशिवाय नष्ट होणार नाही, असे धोरण जाहीर केले. एकगठ्ठा परत आणण्याचा सराव आणि ग्राहकांचे संपर्क साइटबाहेर जपण्याची सोय, हीही कामे हाती घेतली.

निष्कर्ष

२००१ ते २०१५ या काळातल्या तीन अपघातांत पत्ता भलत्याच जागी तुटला किंवा रिकामा राहिला. त्यावर उपाय सापडले आहेत. अवतरणचिन्हे घाला, रिकामे चल नाकारा. फाइलींच्या नावांची यादी एका कमांडकडून दुसरीला द्यायची तर मध्ये शून्य-अक्षर ठेवा, कारण फाइलीच्या नावात ते अक्षर येऊच शकत नाही.

५ एप्रिलला यातला कुठलाच उपाय कामी आला नसता. त्या दिवशी यादी जिथे तुटायला हवी तिथेच तुटली. ८८३ तुकडे झाले आणि ८८३च्या ८८३ व्यवस्थित होते. चूक तुकड्यांच्या अर्थात होती, आणि स्वल्पविराम अर्थ तपासत नाही.

अशी साधने लिहिणाऱ्यांनी म्हणून चार गोष्टी कराव्यात. ॲपची यादी आणि साइटची यादी यांसाठी दोन वेगळे पर्याय ठेवावेत, एकाच पर्यायात दोन्ही घेऊ नयेत. प्रत्येक नोंद कशाची आहे हे मूळ नोंदवहीत शोधून तिचे नाव पडद्यावर दाखवावे, नुसता क्रमांक नको. पुसण्याआधी कोरडी फेरी, म्हणजे काहीही न पुसता काय पुसले जाईल ते दाखवणारी फेरी, सक्तीची करावी आणि 'एवढ्या साइट्स, एवढी ॲप्स' असा आकडा माणसाकडून टाइप करून घ्यावा. आणि कायमचे पुसण्याची सोय रोजच्या साधनातून काढून वेगळ्या, जास्त अधिकार लागणाऱ्या साधनात ठेवावी.

यादी हाती आली की चालवणाऱ्याने पाठवणाऱ्याला एक प्रश्न विचारावा : हे आयडी कशाचे आहेत? ५ एप्रिलला दुपारी १:०८ च्या आधी तो प्रश्न विचारायला एक मिनिटही लागले नसते.